नव्या गावठाणाची टाकी

देवपूर, धुळे
१० एप्रिल २०२४

भाऊ,

इथूनच पाया पडते. काल पाडव्याची गुढी उभारताना तुमची सगळ्यांची फार आठवण आली. तुझ्या कानांनी रजा घेतल्यापासून फोनचा काही उपयोग राहिला नाही. वहिनीकडे निरोप दिला तर निम्मा ती गाळते आणि उरलेल्यात स्वतःचा मसाला घालते. (हे तिला वाचून दाखव.) म्हणून पुन्हा कागद-पेन काढलं. पोस्टातल्या बाई मला हसतात. म्हणतात, तिकिटं लावून पत्र टाकणाऱ्या तुम्हीच एक उरलात.

तुम्ही नव्या गावठाणात राहायला गेलात हे कळलं. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे लावणार आणि आपलं सांगवखेडे पाण्याखाली जाणार, हे इतकी वर्षं ऐकत होतो. तरी खरंच निघायची वेळ आली तेव्हा मी इथं बसून दोन घास नीट खाल्ले नाहीत. माय किती रडली असेल.

पण भाऊ, एका गोष्टीने मला धीर येतो. नव्या गावठाणाची टाकी आणि नळ आपल्या घरच्या माणसाने केलेत. यांना त्या कामाचं कंत्राट मिळालं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती. चाळीसगावकडे यांची बाकीची कामं जोरात सुरू होती, तरी म्हणाले, "सासुरवाडीचं काम आहे, मी स्वतः उभा राहीन." सगळ्या जन्मात नवऱ्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नसेल.

आठवतं का, आपण तापीवरून पाणी आणायचो? वाळू अशी तापायची की मी हंडा डोक्यावर घेऊन पळत सुटायचे आणि तू मागून ओरडायचास, "सांडी जाई ना व!" मायच्या डोक्यावर जिथं चुंबळ बसायची तिथले केस अजून विरळ आहेत. आता तिने ओट्यावर बसून फक्त तोटी फिरवायची.

आखाजीच्या सणाला मी येणार. आधी नळाखाली हात धरणार, मग तुमच्या पाया पडणार. पाणी कसं आहे ते लिही. गोड लागतं की मचूळ?

तुझी सुलू


सांगवखेडे (नवे गावठाण)
१७ एप्रिल २०२४

सुलू,

अनेक आशीर्वाद. वहिनीला मसाल्याचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, नणंद आहे, चालायचंच.

घर सोडलं. सागाच्या तुळ्या, दारं, पत्रे सगळं उतरवून आणलं. भिंती मातीच्या, त्या काय उचलून आणणार? मायने उंबऱ्याचं लाकूड मागितलं. ते नव्या चौकटीला बसेना, म्हणून ओट्यावर आडवं टाकलंय. ती त्यावर बसते आणि आत-बाहेर करणाऱ्याला सांगते, उंबऱ्यावर पाय देऊ नका. वना काका गावठाणात आलेच नाहीत, पहूरला लेकीकडे गेले. प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिले, त्यामुळे सगळा शेजार बदलला. माय सकाळी उठून सवयीने "लताबाई व!" अशी हाक मारते आणि पलीकडून कुणीतरी भलतंच बाहेर येतं.

नदीतल्या वाळूत यंदा कुणी टरबुजं-डांगरं लावली नाहीत. आपल्याला फुटकं डांगर फुकट द्यायची ती बेबाबाई वीटभट्टीवर कामाला गेली. आमच्या शेताचं, घराचं काहीतरी मिळालं. वाळू कुणाच्या नावावर नसते, त्यामुळे तिला काहीच मिळालं नाही. जाताना भेटायला आली होती. मी घरात असून नाही असं सांगायला लावलं. तोंड कसं दाखवायचं?

टाकीचं विचारलंस. टाकी चांगली उंच आहे. लांबून दिसते. पांढरा रंग दिला आहे. जावईपाहुण्यांनी काम मन लावून केलं असं सगळे म्हणतात.

आखाजीचं म्हणशील, तर यंदा ऊन फार आहे. हा सगळा मुरमाड माळ, झोका बांधायला एक झाड नाही. पत्रे तापतात. यंदा नाही आलीस तरी चालेल. दिवाळीला ये, सावकाश राहा.

तुझा भाऊ
अभिमन


देवपूर
२१ एप्रिल २०२४

भाऊ,

तुझं पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. आखाजीला नाही आलीस तरी चालेल! हे कुणी कुणाला लिहितं का? सासरी कितीही सुख असो, खान्देशातली पोर वर्षभर त्या एका सणाकडे डोळे लावून बसते. लग्न झाल्यापासून माझी एक आखाजी चुकलेली नाही. तुझा योगेंद्र वहिनीच्या पोटात होता तेव्हा ती माहेरी गेली होती, त्या वर्षीही तू मला घ्यायला आला होतास आणि भाकरी तूच थापल्या होत्यास, जाड्याभरड्या.

ऊन काय यंदाच पडलंय? झोका नको मला. खरं काय ते सांग. वहिनीला माझं येणं जड झालंय का? की यांनी गावात काम केलं म्हणून कुणाच्या पोटात दुखतंय? तुझ्या पत्रात टाकीचा रंग आहे, उंची आहे, पाण्याबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्याचं चांगलं झालेलं आपल्या लोकांना बघवत नाही, हे मला माहीत आहे. पण तू त्यातला नव्हतास.

आम्ही दोघंही येणार. यांना तशीही एक चक्कर मारायचीच आहे. म्हणतात, काम संपल्यावर नळ कसे चालतात ते डोळ्यांनी बघायला हवं, आणि पंचायतीने योजना ताब्यात घेतल्याचंही उरकून टाकू. जावई स्वतः येतो म्हणतोय आणि तू मला दिवाळी दाखवतोस.

सुलू


सांगवखेडे (नवे गावठाण)
२६ एप्रिल २०२४

सुलू,

रागावू नकोस. मी चुकलो. जरूर या. योगेंद्रला तुला घ्यायला पाठवतो. पाहुणे गाडीने येणार असतील तर ते मागून येऊ देत.

फक्त एक कर. कोणत्या दिवशी, साधारण किती वाजता येणार ते वहिनीच्या फोनवर आधी नक्की सांग. पाहुणे मुक्काम करणार की जेवून निघणार तेही सांग. नवीन जागा आहे, तयारी करावी लागते.

तुझ्या येण्याने कुणाला जड होत नाही. माय तुझ्या नावाने सांजोऱ्यांचा रवा निवडत बसली आहे.

अभिमन


देवपूर
१६ मे २०२४

भाऊ,

आधी कान पकडते. मागच्या पत्रात वाटेल ते लिहिलं. तुम्ही केलेलं आदरातिथ्य पाहून मला माझीच लाज वाटली.

काय धार होती रे नळाला! मी तोटी उघडली तर पाणी थेट माझ्या निऱ्यांवर. पितरांची घागर मायने त्याच पाण्याने भरली, वर डांगर ठेवलं, आणि माझ्या मनात आलं की बाबा असते तर म्हणाले असते, पोरीने आणि जावयाने पाणी पाजलं. यांनी तर सकाळी एक आणि उन्हातून आल्यावर एक अशा दोन अंघोळी केल्या. मग गाडी धुतली. आठवतं ना, सगळी गल्ली ओट्यांवर उभी राहून बघत होती? मी मुद्दाम बायकांचे चेहरे बघितले. कुणी बोलत नव्हतं, नुसत्या पाण्याकडे बघत होत्या. मी यांना हळूच म्हटलं, बघा, गावाला किती अप्रूप आहे तुमच्या कामाचं.

नवलभाऊ सरपंचांनी टोपी, टॉवेल, नारळ दिला, पंचायतीचं ताब्याचं पत्रही दिलं. हे परत येताना गाडीत गाणी म्हणत होते. खरं सांगू? योगेंद्रची वाट न बघता मी यांच्याच गाडीने निघाले, पण जाताना ते तसे नव्हते. अमळनेरपर्यंत दोनदा म्हणाले, बोअरला पाणी टिकलं असेल ना? मी म्हटलं, काहीतरी अभद्र बोलू नका.

दोन गोष्टी मात्र वहिनीला सांग. एक, तळहातांना चिंध्या बांधून भाकऱ्या थापू नये. तवा लागला म्हणाली, पण दोन्ही हातांना तवा कसा लागतो? मी मलम पाठवते. आणि दुसरं, इतकं पाणी असताना कुणी हंडे भरून का ठेवत नाही? सगळ्यांचे माठ कोरडे आणि बायका नळाला हातही लावत नव्हत्या. सुख आलं की माणसं अशी आळशी होतात बघ! मायलाही सांग, आता जुन्या गावातल्या विहिरीच्या पाण्याचा हट्ट सोड.

तुझी सुलू


सांगवखेडे (नवे गावठाण)
२९ सप्टेंबर २०२४

सुलूताई,

मी रूपा. तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. मला पत्र लिहायची सवय नाही, काही कमी-जास्त झालं तर पोटात घाला.

परवा तुमचा फोन आला की दिवाळीत पाहुणे त्यांच्या ओळखीच्या दोन माणसांना टाकी दाखवायला आणणार आहेत. मी बरं म्हटलं. ह्यांना लिहून दाखवलं तर हे लगेच नवलभाऊंकडे गेले आणि दोघं ट्रॅक्टरचं बोलू लागले. ताई, या वेळी आमच्याने होणार नाही. म्हणून लिहिते.

टाकीत पाणी नाही. कधी टिकलंच नाही. बोअर सुरुवातीचे थोडे दिवस चालला आणि कोरडा पडला. टाकीलाही खालून चीर आहे. आखाजीला तुम्ही बघितलं ते जुन्या गावातल्या विहिरीचं पाणी. तिथली वीज आधीच तोडली होती, मोटर चालत नव्हती. आम्ही बायकांनी दोराने ओढून टँकर भरले. योगेंद्रने ट्रॅक्टरने आणून डिझेल इंजिन लावून वर चढवलं. तुम्ही यायच्या आधी सहा दिवस हेच काम. चिरेत पोत्यांचे बोळे कोंबले होते. माझ्या हाताला तवा लागला नव्हता, दोर लागला होता. माठ कोरडे होते कारण सगळं पाणी वर होतं. ते पाहुण्यांना पुरावं म्हणून कुणी नळाला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. गाडी धुतली तेव्हा लताबाई घरात जाऊन बसली, तिला बघवेना.

कुणी जबरदस्ती केली नाही. मायच म्हणाली, "पोरनी मान खाले नको व्हवाले." गावानेही ते मानलं. गावाची लेक, गावाचा जावई.

पावसाळ्यात दरवाजे लागले. पाणी हळूहळू आलं, रोज थोडं थोडं. आधी वाळू गेली, मग मळे, मग मारुतीचा ओटा, मग विहीर. साप, विंचू सगळे आमच्या माळावर चढले. श्रावणात कानबाईचं विसर्जन करायला गेलो तर पाणी वाहतच नव्हतं. फुलं सोडली तिथंच उभी राहिली. समोर समुद्रासारखं पाणी आणि घरात प्यायला नाही. आता आम्ही त्याच फुगवट्याच्या काठावरून आणतो. काठ म्हणजे नुसता काळ्या मातीचा चिखल.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माय तिथं घसरली. मी नको म्हणत होते, पण तिला वाटायचं सून एकटी किती खेपा करणार. खुब्याचं हाड मोडलं. धुळ्याला दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. पंधरवडाभर आम्ही धुळ्यात होतो, ताई. गणपतीत तुम्ही फोन केलात आणि मी सांगितलं की माय शेजारी गेली आहे. तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. मायने शपथ घातली होती. सुलूला कळलं तर ती येईल, पाहुणे येतील, कशी पडली विचारतील, मग काय सांगायचं?

आता खाटेवर आहे. बोलते, हसते. चालता येत नाही.

दिवाळीत पाहुण्यांना थांबवा, एवढंच माझं मागणं आहे.

रूपा


देवपूर
४ ऑक्टोबर २०२४

भाऊ, वहिनी,

दोघांना मिळून लिहिते. भाऊ, वहिनीवर रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

 गणपतीतल्या त्या फोनमध्ये वहिनीच्या मागे बँड वाजत होता. मी म्हटलंसुद्धा, यंदा गावठाणातही जोर दिसतो! तो धुळ्यातलाच बँड होता. माय पांझरेच्या पलीकडे हाड मोडून पडली होती आणि मी अलीकडे मोदक वळत होते. मी रोज त्या पुलावरून जाते. एकदा तर सासूबाईंच्या गोळ्या आणायला त्याच गल्लीत गेले होते.

मी पत्रात काय काय लिहिलं ते आठवतं. आळशी म्हटलं मी तुम्हाला. मलम पाठवलं. वहिनी, त्या चिंध्यांचे हात तुम्ही माझ्यासमोर पदराखाली लपवत होतात आणि मी तुम्हाला भाकरी थापायला शिकवत होते. लाज वाटते म्हणणं फार सोपं आहे, पण दुसरा शब्द सापडत नाही. नळ उघडला की लाज वाटते. काल कामवालीने ओटा धुताना पाणी वाहू दिलं तर मी तिच्यावर किंचाळले, आणि मग तिचीही लाज वाटली.

यांना विचारलं. त्यांनी आधी वहिनीचं पत्र पूर्ण वाचलं. मग म्हणाले, "मला शंका होती. म्हणूनच आखाजीला आलो होतो. कोरडा नळ दिसला असता तर तेव्हाच दुसरा बोअर मारला असता. मला धो-धो पाणी दाखवलंत, मी काय समजायचं?" मी म्हटलं, चिरेचं काय? तर म्हणाले, "गावाने ताबा घेतला, कुणी एक तक्रार केली का?" भाऊ, इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला सांगता येत नाही की ते खरं बोलतात की खोटं. कदाचित त्यांनाही सांगता येत नसेल. पण हट्टाने त्यांना तिथं आणलं मीच, आणि तुम्ही ते पाणी ओढलं माझ्यासाठी.

आता माझं ऐका. सगळ्या गावाने सही करून पुनर्वसनाच्या कार्यालयात अर्ज द्या. टाकीला पाणी नाही, चीर आहे, सगळं लिहा. माझा विचार करू नका. माझी शपथ आहे.

सुलू


सांगवखेडे (नवे गावठाण)
१४ ऑक्टोबर २०२४

सुलू,

रूपावर रागावलो होतो. दोन दिवस बोललो नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, उलट शांतता मिळाली म्हणाली.

तुझं पत्र मी ग्रामसभेत नवलभाऊंना वाचायला दिलं. सगळ्यांनी ऐकलं.  गल्लीतला पुना म्हणाला, तक्रार करायची ती दुसऱ्या कुणाची असती तर आम्ही कार्यालयाला कुलूप लावलं असतं. पण जावयाच्या विरुद्ध सही कशी करायची? ज्याच्या डोक्यावर टोपी घातली, त्याच्याच नावाने अर्ज? उद्या आमच्या पोरी कोण करेल? लोक म्हणतील, हे गाव जावयालाही सोडत नाही. मग एकेक करून माणसं उठून गेली. शेवटी मी आणि नवलभाऊ उरलो, आणि ते पत्र.

मी तरी सही करू शकलो असतो. लेखणी हातात घेतली होती. मायचा चेहरा आठवला आणि ठेवून दिली. सुलू, मलाही लाज वाटते. तुला खोटं पाणी दाखवलं त्याची वाटते, पाहुण्यांवर उलटायचं मनात आलं त्याची वाटते, आणि सही केली नाही त्याचीही वाटते. रोज सकाळी बायका हंडे घेऊन काठाकडे निघतात तेव्हा मी घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसतो.

सायंकाळी फुगवट्याकडे बघवत नाही. कडुलिंब आणि बाभळी पाण्यात उभ्या उभ्या वाळल्या. त्यांच्यावर बगळे बसतात. आपल्या घराची जागा कुठली ते आता सांगता येत नाही.

माय विचारते, सुलू दिवाळीला जावयासोबत येणार ना? तिला तू सगळं जाणतेस हे सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

अभिमन


सांगवखेडे (नवे गावठाण)
१४ एप्रिल २०२५

यांस,

तुमचे फोन येतात आणि मी घेत नाही. फोनवर तुम्ही बोलायला लागलात की मला तुमचंच खरं वाटायला लागतं, म्हणून लिहिते. लग्नाआधी एकदा तुम्हाला पत्र लिहिलं होतं, त्यानंतर हे पहिलंच.

दिवाळीला म्हणून आले ती राहिले. तुम्ही सगळ्यांना सांगता की आईची सेवा करायला गेली आहे. तेही खरंच आहे. पण मायची सेवा रूपावहिनी माझ्यापेक्षा चांगली करते. मी पाणी आणते. सुरुवातीला हंडा डोक्यावर ठरेना, चिखलात पाय रुतायचे, दोनदा पडले. बायका हसल्या नाहीत. मी काठावर पोहोचले की त्या बाजूला होऊन मला आधी भरू देत. लेक आहे ना गावाची. तो मान घेताना इतकं मेल्यासारखं व्हायचं की मी पहाटे सगळ्यांच्या आधी जायला लागले. मग त्याही लवकर यायला लागल्या, मी एकटी पडू नये म्हणून. गावात कुणी मला तुमच्याबद्दल एक शब्द विचारला नाही. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

माझ्या भावाने सही केली नाही, नवलभाऊंनी केली नाही, कुणीच केली नाही. म्हणून फेब्रुवारीत अर्ज मी दिला. तुम्ही योगेंद्रला फोन करून विचारलंत, अर्ज करताना तिला माझ्या नावाचा विचार आला नाही का? आला. अर्जाच्या खाली पूर्ण नाव लिहावं लागतं. सुलक्षणा प्रेमराज बोरसे. काम करणारा म्हणून तुमचं नाव वर लिहिलं आणि तक्रार करणारीच्या नावात तुमचं नाव खाली लिहिलं.  कार्यालयातल्या माणसाने दोन्ही नावं वाचली, माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो प्यायले नाही.

नंतर त्यांची माणसं येऊन टाकी बघून गेली. चिरेत कोंबलेली पोती त्यांनी ओढून काढली, वाळून दगड झाली होती. ती बघताना सगळा गाव पुन्हा ओट्यांवर उभा होता, तुमची गाडी धुताना उभा होता तसाच.

तुम्ही म्हणता, स्वतः येऊन नवा बोअर मारून देतो, पाइप घालतो, टाकी दुरुस्त करतो, आधी अर्ज मागे घे. अर्ज मी मागे घेणार नाही. दुरुस्ती करायची तर करा, अर्ज असताना करा. तुम्हाला खरंच शंका होती आणि खरंच बघायला आला होतात, हे मी मानायचं ठरवलं आहे. त्यावर तुम्ही आता काय करता ते बघूनच ते मला टिकवता येईल.

फुगवटा उतरायला लागला आहे. चिखलातून जुन्या विहिरीचा काठ वर आलाय, त्यावर दोराचे घट्टे अजून दिसतात. काल वहिनीने मला दाखवले. त्यातले काही आमचे लहानपणीचे असतील, काही मागच्या आखाजीचे.

तुम्ही आखाजीला येणार हे योगेंद्रकडून मायला कळलं. खाटेवरूनच तिने त्याला हाक मारली, "बापू, ट्रॅक्टर काढ रे. जवाई येनार शे, टाकी भरनी पडी." मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "माय, माले बठ्ठं माहीत शे." तिने माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर तिचं ओझं कमी होईल. दोन दिवस ती माझ्या हातून जेवली नाही. तिने सगळं अंग मोडून जे झाकलं होतं ते मी उघडं केलं. आज सकाळी मात्र माझा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोट फिरवत बसली. आता माझ्याही हाताला घट्टे पडलेत.

ट्रॅक्टरची किल्ली मी पदराला बांधून ठेवली आहे. बायकांनाही सांगितलंय, यंदा कुणी काही ओढायचं नाही, भरायचं नाही, झाकायचं नाही.

तुम्ही या. मी नको म्हणत नाही. सांजोऱ्या असतील, आंब्याचा रस असेल, तुमचं ताट पहिलं वाढलं जाईल, भाऊ तुमच्या शेजारी बसेल. दारात पाय धुवायला तांब्याभर पाणी ठेवीन, ते मी आणलेलं असेल.

बाकी, येताना घरूनच अंघोळ करून या.

सुलक्षणा